‘ड्रम वाजवणारा’ नव्हे, वाजवणारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण दोघांच्याच एका रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचं परीक्षण छापलंत. त्या दोघांपैकी मी एक. बँडचं आणि अल्बमचं नाव या पत्रात मुद्दाम घालत नाही, नाहीतर दुरुस्तीच्या आडून जाहिरात केली असं व्हायचं. ज्यांनी परीक्षण वाचलंय त्यांना कळेल, ज्यांनी वाचलं नाही त्यांचं काही अडणार नाही.

आधी किरकोळ तक्रार. परीक्षणात तीन ठिकाणी ‘ड्रम वाजवणारा’ असं आलंय. वाजवणारा नाही, वाजवणारी. गिटार आणि मुख्य गाणं धाकट्या भावाचं, ड्रम माझे. दोघांचा रॉक बँड म्हटलं की लोकांना व्हाइट स्ट्राइप्स आठवतात, आणि तिथेही ड्रमवर मेग व्हाइट होती. तिच्या साध्या ठेक्यावर लोकांनी भरपूर तोंडसुख घेतलं; तो ठेका काढून घेतला तर ती गाणी उभी राहतील का, हे विचारणारे त्या मानाने थोडे. (त्या बँडमधली दोघं स्वतःला भाऊ-बहीण म्हणवून घ्यायची, प्रत्यक्षात होती नवरा-बायको, पुढे नवरा-बायकोही राहिली नाहीत. आम्ही खरोखरचे भाऊ-बहीण आहोत. याचा फायदा आवाज जुळण्यात होतो, तोटा बाकी सगळीकडे.)

आता मुद्द्याचं. परीक्षणाचं शीर्षक होतं ‘जुनी दारू नव्या बाटलीत’. माझं म्हणणं, बाटलीसुद्धा जुनीच आहे, आणि सगळी गंमत त्या बाटलीत आहे.

अकराही गाणी आम्ही चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केली. या जातीचं पहिलं यंत्र १९७९ मध्ये आलं. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम असल्याच यंत्रावर घरात बसून मुद्रित केला होता. आमचं यंत्र कितव्या हातून आमच्याकडे आलं देव जाणे. त्याच्या तिसऱ्या ट्रॅकचं बटण बोटाने दाबून धरावं लागतं, नाहीतर आवाज मधूनच गायब होतो. चार ट्रॅक म्हणजे टेपवर वेगवेगळे आवाज भरायच्या चार जागा. एकीवर ड्रम आणि गिटार एकदमच वाजवून भरलं की उरल्या तीन. त्यांत ऑर्गन, मुख्य आवाज आणि मागचा कोरस बसवायचा.

आपल्या परीक्षकांनी लिहिलंय की कोरस ‘संगणकाने फुगवलेला’ आहे. तो कसा भरला ते सांगते. दुसऱ्या ट्रॅकवर आम्ही दोघं एकाच मायक्रोफोनपुढे गायलो. तिसऱ्यावर पुन्हा दोघं. मग दुसरा आणि तिसरा एकत्र करून चौथ्यावर उतरवताना, त्याच क्षणी, समोर उभं राहून पुन्हा दोघं गायलो. तीन फेऱ्या, सहा आवाज, एक ट्रॅक. दुसरा आणि तिसरा मोकळा झाला, त्यांवर ऑर्गन आणि मुख्य गाणं. ही युक्ती आमची नाही. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकच्याच यंत्रांवर झाला. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या टेपवर उतरवायचे आणि पुढचं काम सुरू. प्रत्येक उतरवणीला टेपची सळसळ थोडी वाढते, आणि जे एकदा एकत्र झालं ते पुन्हा सुटं होत नाही. त्यामुळे कुणाचा आवाज किती पुढे ठेवायचा हे गाणं अर्धं असतानाच ठरवून टाकावं लागतं. संगणकावर शंभर ट्रॅक उघडे ठेवून सहा महिने न ठरवण्याची चैन असते. आम्ही ती चैन करून बघितली आहे. त्या अल्बमचं एकही गाणं पुरं झालं नाही.

नवव्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी एक करकर ऐकू येते. परीक्षणात ती ‘जुन्या काळाचा आभास आणण्यासाठी पेरलेला आवाज’ ठरली आहे. ती भावाची खुर्ची आहे. सूर लावायला तो ताठ बसला आणि ती बोलली. आमच्या लक्षात आलं तेव्हा मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर ऑर्गन चढला होता. करकर काढायची तर सहा आवाज पुन्हा गायला लागले असते. भाऊ म्हणाला, ‘ताई, राहू दे, मला ती सुरात वाटते.’ सुरात नाहीये. पण राहिली.

ड्रमच्या आवाजाला ‘पुठ्ठ्याचा डबा’ म्हटलंय. हे मात्र मला आवडलं, कारण हवा होता तोच आवाज परीक्षकांच्या कानावर गेला. स्नेअर आणि दोन टॉम या माझ्या ड्रमवर मी टॉवेल टाकते. बीटल्सचा ड्रमवाला रिंगो स्टार बँडच्या उत्तरार्धात ड्रमवर स्वयंपाकघरातली पुसणी टाकायचा. घुमारा मेला की घाव तेवढा उरतो, आणि गाण्याला जागा मिळते. याच्या अगदी उलट वाट लेड झेपेलिन या रॉक बँडची. त्यांच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमसाठी जॉन बोनमचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्यापाशी मांडले होते, आणि वर जिन्यात दोन मायक्रोफोन टांगले होते. त्या घुमाऱ्याने पुढच्या पिढ्यांना वेड लावलं. आमच्याकडे जिना होता, दोन मायक्रोफोनही होते, पण शेजारीही होते. म्हणून टॉवेल.

बास गिटार नाही हेही खरं. भावाच्या गिटारचा आवाज एका पेडलमधून सप्तकभर खाली उतरवून दुसऱ्या अँप्लिफायरला देतो, काम भागतं. रॉयल ब्लड नावाचे दोघे तर गिटारच ठेवत नाहीत, नुसता बास आणि ड्रम, आणि त्यांचा पहिलाच अल्बम २०१४ मध्ये ब्रिटनच्या यादीत अव्वल होता. ‘दोघांत पोकळी जाणवते’ हे वाक्य अल्बम ऐकण्याआधीच लिहून ठेवलेलं असावं अशी माझी शंका आहे.

जुन्या बँडांकडून उसनवारी केल्याचा परीक्षणातला आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. दोन आवाज षड्ज-गांधाराच्या अंतराने हातात हात घालून चालवण्याची रीत आम्ही बीटल्सकडून घेतली. त्यांनी ती एव्हर्ली ब्रदर्स या भावांच्या जोडीकडून घेतली होती. द बर्ड्स या अमेरिकन बँडच्या रॉजर मॅग्विनने १९६४ मध्ये बीटल्सच्या सिनेमात त्यांच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर गिटार पाहिली आणि तसलीच घेतली. तिच्या किणकिणाटावर बर्ड्सचं नाव झालं, आणि १९६५ संपायच्या आत हॅरिसनने बर्ड्सची गिटारची धून आपल्या एका गाण्यात वापरली आणि तसं मान्यही केलं. या देण्याघेण्यात कोण कुणाचं देणं लागतं हे मोजायला बसलं तर हिशेबनीस दमेल. आम्ही त्यांच्याकडून घेतली ती मुख्यतः अडचण: चारच ट्रॅक, दोनच माणसं, मागे फिरता येत नाही.

मुख्यतः म्हणते, कारण सातवं गाणं आहे. त्याच्या शेवटी बारा तारांचा जो तुकडा वाजतो तो बर्ड्सच्या इतका जवळ गेलाय की परीक्षकांनी तो पकडला हे बरंच झालं. मी भावाला दोनदा सांगितलं होतं. त्याने दोन सूर बदलले आणि ‘आता आपला झाला’ म्हणाला. झाला नव्हता.

शेवटची तक्रार क्रमाची. परीक्षणात नववं गाणं ‘सुरुवातीचं’ म्हणून आलंय. म्हणजे परीक्षकांच्या फोनने गाणी पिसून दिली आणि त्यांनी ती तशीच ऐकली. अल्बम ३८ मिनिटांचा आहे. लाँग प्लेच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं नीट मावतात, तेवढ्यात बसेल असा तो आम्ही १९-१९ मिनिटांत वाटला. तबकडी काढायला पैसे नव्हते, तरी वाटला, कारण सहावं गाणं मध्यंतरानंतर ऐकायचं म्हणूनच इतकं हळू सुरू होतं. त्यात ४० सेकंद नुसता ऑर्गन आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते, म्हणजे गाणं ऐकल्याची नोंद होऊन गेली तरी गायक आलेलाच नसतो. मोजणीचं तरी काय घेऊन बसलात. २०२४ पासून तिथे गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत, आणि आमच्या अकरातली चार अजून त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहेत. त्यांतलं एक अर्थातच ऑर्गनवालं.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी: ड्रम वाजवणारी बाई आहे, आणि कोरसमधले सहाही आवाज दोन माणसांचे आहेत. जमल्यास परीक्षकांनी अल्बम एकदा पहिल्यापासून क्रमाने ऐकावा, त्यावर पुन्हा काही लिहिलं नाही तरी चालेल. सातव्या गाण्याबद्दल जे छापलंय ते तसंच राहू द्या.

आपली,
जोडीतली थोरली