वादळ ‘अचानक’ येत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अवकाळी पावसाने द्राक्षबागा झोडपल्या की बातमीत ‘अचानक’ हा शब्द हमखास येतो. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला वादळ अचानक आल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते घडवणारी हवेची आणि समुद्राची स्थिती अनेकदा कित्येक आठवडे आधीपासून तयार होत असते, आणि तिच्याविषयी आपल्या पानांवर फारसे वाचायला मिळत नाही.

२०१९ चा ऑक्टोबर आठवावा. ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात एकाच वेळी घोंगावत होती. दोन्हींपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकले नाही, तरीही त्या दिवसांतील पावसाने बागलाणच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटणी केलेल्या, द्राक्षांचे मणी तडकले आणि फुलोऱ्यातल्या बागांत घड कुजले, गळाले. त्या वर्षी हिंदी महासागरातील द्विध्रुव, म्हणजे ‘इंडियन ओशन डायपोल’, तीव्र धन अवस्थेत होता: महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार, तर इंडोनेशियाकडचा थंड होता. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादेच चक्रीवादळ होते. त्या वर्षी पाच झाली.

मात्र केवळ उबदार पाण्याने वादळ उभे राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालचा उपसागर पुरेसा तापलेला असतो, तरी तेथे बहुधा कमी दाबाची क्षेत्रेच तयार होतात, कारण मोसमी काळात खाली पश्चिमेचे आणि सुमारे १४-१५ किलोमीटर उंचीवर पूर्वेचे जोरदार वारे वाहतात व ढगांचा उभा मनोरा त्या ओढाताणीत टिकत नाही. म्हणूनच आपली वादळे मोसमी पावसाच्या आगेमागे येतात. त्यातही ‘मॅडन-ज्युलियन दोलन’ ही विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारी, ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी घालणारी ढग-पावसाची लाट हिंदी महासागरावर असताना वादळाची शक्यता वाढते. ही शक्यताच आहे, खात्री नव्हे. शिवाय प्रत्येक अवकाळीमागे चक्रीवादळ असते असेही नाही. नोव्हेंबर २०२३ मधील गारपिटीला पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकत येणारी कमी दाबाची प्रणाली, कारणीभूत होता, हेही बातमीत स्पष्ट व्हायला हवे.

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळांचा दोन आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी जाहीर करतो. तो, तसेच सप्टेंबरमध्ये द्विध्रुवाची स्थिती, जिल्हा पानावर मराठीत छापावी, ही विनंती. औषध फवारणी आणि काढणी यांसाठी दोन आठवड्यांचा अंदाज कामाचा आहे. छाटणीच्या वेळी मात्र पुढच्या दीड महिन्याचा विचार करावा लागतो, आणि तेथे द्विध्रुवाचीच माहिती उपयोगी पडेल. छाटणी आठ-दहा दिवस मागेपुढे करणे त्या वेळी शक्य असते, नंतर नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक