बग्गीचा कमरपट्टा आपोआप सैल होतो आणि तुमचा सल्ला धोका वाढवतो

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग आणि उत्पादन सुरक्षा विभाग

विषय: अपंग मुलांसाठीच्या आधार-बग्गीतील सदोष कमरपट्टा, माहितीपुस्तिकेतील चुकीचा क्रम आणि ग्राहक सेवेने दिलेला घातक सल्ला

महोदय / महोदया,

माझी आठ वर्षांची मुलगी तुमच्या कंपनीची आधार-बग्गी, म्हणजे पट्ट्यांनी धरून बसवायची चाकांची खुर्ची, वापरते. तिचा कमरपट्टा बसल्या जागी सैल होतो, मुलगी पुढे घसरते आणि छातीवरचा पट्टा तिच्या गळ्याशी येतो. तुमच्या ग्राहक सेवेला हे मी फोनवर आणि ईमेलवर कळवले. मिळालेली उत्तरे इतकी चुकीची होती की आता तक्रार फक्त पट्ट्याची उरलेली नाही. मला पट्टा बदलून हवा आहे, पुस्तिका दुरुस्त झालेली हवी आहे आणि हीच बग्गी घेतलेल्या इतर सर्व घरांना तुमच्याकडून लेखी इशारा गेलेला हवा आहे.

मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणारा विकार आहे; हालचालींची क्षमता पाच पातळ्यांत मांडणाऱ्या जीएमएफसीएस वर्गीकरणानुसार पाचवी, म्हणजे सर्वात गंभीर पातळी. म्हणजे मान आणि धड तिला स्वतःहून तोलता येत नाही, आणि घसरलेले अंग पुन्हा सावरून बसणे तिच्या हातात नाही. स्नायूंत ताठरपणा आहे. मोठा आवाज झाला, हसू आले किंवा कंटाळा आला की तिचे अंग धनुष्यासारखे ताणले जाते आणि त्या वेळी सगळा जोर कमरपट्ट्यावर येतो. तिला बोलता येत नाही. गळ्याशी काही रुतले तर ती हाक मारू शकत नाही, हात वर नेऊन ते बाजूला करू शकत नाही. हे सगळे बग्गी मागवताना भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये मी लिहिले होते. तुमची बग्गी अशाच मुलांसाठी आहे असे तुमच्या जाहिरातीतही आहे.

आता दोष नेमका काय आहे ते सांगते. कमरपट्ट्याचे बकल नीट लागते आणि लागलेलेच राहते. त्यात काही खोट नाही. खोट आहे ती पट्टा घट्ट करण्याच्या प्लास्टिकच्या कडीत. पट्टा ओढून घट्ट केला की तो तिथेच अडकून राहायला हवा, पण मुलीने अंग ताणले की तो कडीतून थोडा थोडा सरकतो. एका झटक्यात सरकला असता तर लगेच लक्षात आले असते. तो इतका हळू सरकतो की पाहणाऱ्याला वाटते, मूल जरा खाली आले आहे, उचलून बसवू. पण तोवर कंबर पुढे गेलेली असते, पाठ गोल झालेली असते आणि छातीचा पट्टा हनुवटीकडे चढलेला असतो.

आमच्या फिजिओथेरपिस्टने याची साधी परीक्षा केली. मुलीला नीट बसवून पट्टा घट्ट केला आणि कडीला लागून पट्ट्यावर पेनाने रेघ मारली. मुलीने अंग ताणल्यावर ती रेघ कडीपासून दूर गेली. पट्टा पुन्हा घट्ट करून, रेघ पुन्हा कडीपाशी आणून पाहिले, तर पुन्हा तेच झाले. दुसऱ्या बाजूच्या कडीवर हीच परीक्षा केली तेव्हा ती रेघ जागची हलली नाही. म्हणजे दोन कड्यांपैकी एकच सदोष आहे. ती एकटीच सदोष निघाली की त्या खेपेतल्या सगळ्याच तशा आहेत, हे शोधणे तुमचे काम आहे. या परीक्षेचा व्हिडिओ, कडीचे जवळून घेतलेले फोटो, बिलाची प्रत आणि बग्गीच्या सांगाड्यावरील अनुक्रमांकाचा फोटो या पत्रासोबत जोडला आहे.

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "मूल घसरत असेल तर खांद्याचे पट्टे आणखी घट्ट करा." हा सल्ला ऐकणाऱ्याला पटण्यासारखा आहे, म्हणून तो जास्त धोकादायक आहे. बसलेल्या मुलाला जागेवर धरून ठेवायचे असते ते कमरेला. कंबर सीटच्या मागच्या टोकाला टेकलेली असेल आणि कमरपट्टा मांडी व पोट यांच्यामधल्या घडीत, खाली आणि मागे ओढ घेत बसलेला असेल, तर मूल घसरत नाही. खांद्याचे आणि छातीचे पट्टे फक्त धड सावरायला असतात. कमर मोकळी ठेवून वरचे पट्टे आवळले, तर खाली घसरणाऱ्या मुलाचा सगळा भार त्या वरच्या पट्ट्यांवर येतो, आणि तो भार शेवटी गळ्यावर जातो. आसनव्यवस्थेचे काम करणारे थेरपिस्ट हे अगदी सुरुवातीला शिकतात. आधार-बग्गी विकणाऱ्या कंपनीच्या फोनवर बसणाऱ्या माणसाला ते माहीत नसावे, हे मला अजूनही पचत नाही.

दुसऱ्या फोनवर दुसऱ्या प्रतिनिधीने सुचवले की बग्गीची पाठ थोडी मागे रेलवा, म्हणजे मुलगी पुढे येणार नाही. तुमच्या या मॉडेलमध्ये फक्त पाठ मागे जाते, सीटचे बूड आहे तिथेच राहते. पूर्ण सीट एकत्र मागे कलण्याची सोय यात नाही. सीट आणि पाठ दोन्ही एकत्र कलतात तेव्हा कमरेचा कोन तोच राहतो आणि मुलाचे वजन मागच्या बाजूला जाते. नुसती पाठ रेलवली की कमरेचा कोन उघडतो आणि ज्या मुलाच्या अंगात ताठरपणा आहे ते आणखी पुढे सरकते. म्हणजे मला मिळालेल्या दोन्ही सल्ल्यांनी तोच धोका वाढला असता. आमची थेरपिस्ट हाताशी होती म्हणून मी ते पाळले नाहीत. ज्या आईवडिलांजवळ विचारायला कोणी नाही, ते तुमच्या फोनवर विश्वास ठेवतील.

यानंतर मी माहितीपुस्तिका पुन्हा काढून पाहिली. पट्टे लावण्याच्या पानावर चित्रांचा जो क्रम आहे त्यात आधी खांद्याचे पट्टे, मग छातीचा आणि सर्वात शेवटी कमरेचा. हा क्रम उलटा आहे. आधी मुलाला पूर्ण मागे बसवायचे, मग कमरपट्टा लावून घट्ट करायचा, मग पाय फूटरेस्टवर नीट ठेवून पायांचे पट्टे, आणि त्यानंतर छाती व खांदे. काढताना उलट क्रमाने: वरचे पट्टे आधी, कमरपट्टा सर्वात शेवटी. कारण कमरपट्टा आधी सुटला आणि वरचे पट्टे लागलेलेच राहिले, तर तेवढ्या वेळातही मूल त्यांत लटकू शकते. पट्टे काढण्याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही. कमरपट्टा किती घट्ट असावा, हेही नाही. पट्टा आणि शरीर यांच्यामध्ये सपाट हाताची दोन बोटे जेमतेम जावीत, एवढे एक वाक्य छापले असते तरी पुरले असते. त्याऐवजी "आरामदायक वाटेल असे समायोजित करा" असे लिहिले आहे. माझ्या मुलीला काय आरामदायक वाटते ते ती सांगू शकत नाही.

माझ्या ईमेलला आलेल्या उत्तरात ही घटना "वापरातील चूक" ठरवली गेली आणि वॉरंटी लागू होत नाही असे कळवले गेले. ईमेलसोबतचा व्हिडिओ पाहिल्याचा उल्लेख त्या उत्तरात नाही. त्याच ईमेलमध्ये असेही लिहिले आहे की तपासणी हवी असल्यास संपूर्ण बग्गी पॅक करून पाठवावी. बग्गी तुमच्याकडे असेल तोवर मुलीने काय करायचे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. तिचे शाळेत जाणे, थेरपीला जाणे, खिडकीपाशी बसणे, सगळे या बग्गीवर आहे. ती नसेल तर ती दिवसभर आडवी पडून राहील, आणि ताठर स्नायू असलेल्या मुलाला आडवे ठेवण्याची किंमत सांध्यांना आणि फुप्फुसांना मोजावी लागते. कडी आणि पट्टा हे चार स्क्रू काढून बदलता येणारे भाग आहेत. नवा संच आधी पाठवा, जुना मी तुमच्याकडे परत धाडते. तोवर थेरपिस्टने दुसऱ्या एका जुन्या खुर्चीचा कमरपट्टा तात्पुरता बसवून दिला आहे आणि मुलीला बग्गीत क्षणभरही एकटे ठेवत नाही.

मुळात ही बग्गी आमच्या दारात खोक्यात आली. ती मुलीच्या मापाने लावून देणारे कोणी आले नाही, कसे बसवायचे हे दाखवणारे कोणी आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने व्हीलचेअर पुरवठ्यासाठी २००८ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२३ मध्ये त्या नव्याने काढल्या. मूल्यमापन, मापाने बसवणे, वापरणाऱ्याला व सांभाळणाऱ्याला शिकवणे आणि नंतरची देखभाल हे सगळे त्या सूचना पुरवठ्याचाच भाग मानतात. आधार-बग्गी हे तसेच साधन आहे. ते विकताना "थेरपिस्टच्या पसंतीचे" असे लिहायचे आणि पोहोचवताना बाळाच्या साध्या बाबागाडीसारखे खोके टेकवून निघून जायचे, हे चालणार नाही.

आणखी दोन गोष्टी याच निमित्ताने तपासाव्यात.

पुस्तिकेत हँडलला काहीही अडकवू नये असे म्हटले आहे, ते योग्यच आहे. मागे वजन लटकले की बग्गी मागे कलंडते, आणि पाठ रेलवलेली असताना तर लवकरच. पण तुमच्याच संकेतस्थळावर या मॉडेलच्या खाली हँडलला लावायचे पिशवीचे हूक "सोबत घ्या" म्हणून दाखवले जातात. अशा मुलांच्या घरात घशातला कफ ओढणारे सक्शन मशीन, नळीने अन्न देणारा फीडिंग पंप, कपड्यांची जोडी घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ते सामान कुठे ठेवायचे, सीटखालच्या जाळीत किती वजन चालते, आणि बग्गीवर छापलेल्या कमाल वजनात सामान धरलेले आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. पाठ पूर्ण रेलवलेली असताना किती अंशांच्या उतारापर्यंत ती मागे कलंडत नाही, हा आकडाही द्या. स्थिरतेची चाचणी आयएसओ ७१७६-१ या व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केली असेल तर तो तुमच्याकडे असणारच.

दुसरे, वाहनातला वापर. तुमच्या माहितीपत्रकात एक मूल व्हॅनमध्ये याच बग्गीत बसलेले दाखवले आहे. पुस्तिकेत मात्र याविषयी काही नाही आणि सांगाड्यावर वाहनात बांधण्याच्या जागांची खूणही नाही. वाहनात आसन म्हणून वापरायच्या साधनांची टक्कर-चाचणी आयएसओ ७१७६-१९ प्रमाणे होते. त्यात साधन पुढे तोंड करून, चार ठिकाणी जमिनीला बांधून, सुमारे ४८ किमी ताशी वेगाच्या समोरच्या टकरीत तपासले जाते. बग्गीचे स्वतःचे पट्टे बसण्याच्या आधारासाठी असतात. त्यांची तशी चाचणी झालेली नसेल तर टकरीत ते मुलाला वाचवतील असे धरता येत नाही, वाहनाचा वेगळा सीटबेल्ट लागतोच. ही चाचणी झाली आहे का? झाली असेल तर कोणत्या वजनाच्या मुलासाठी, ते लेखी कळवा. झाली नसेल तर ते छायाचित्र आजच काढून टाका आणि "वाहनात आसन म्हणून वापरू नये" हे बग्गीवरच ठळक छापा. कुणीतरी ते छायाचित्र पाहून आपल्या मुलाला तसेच बसवून नेत असेल.

बग्गीचा सांगाडा भक्कम आहे, ब्रेक उतारावर पकडून राहतात, आणि घडी उघडल्यावर कुलूप बसले की नाही हे दाखवणारी लाल खूण मला खरोखर आवडते. ती खूण ज्याने सुचवली त्याने मुलाला सांभाळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार केला आहे. म्हणूनच कमरपट्ट्याबाबतचे हे दुर्लक्ष जास्त लागते. ज्या कंपनीला कुलपाची खूण सुचते, तिला पट्ट्याची कडी तपासता येते.

माझ्या मागण्या अशा: नवा कमरपट्टा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या तातडीने, बग्गी परत न मागता पाठवाव्यात. ते बसवण्यासाठी प्रशिक्षित माणूस यावा आणि त्याने आमच्या थेरपिस्टसमोर पट्टा भार देऊन तपासावा. "वापरातील चूक" हा शेरा माझ्या नोंदीतून लेखी मागे घ्यावा. त्या खेपेतल्या कड्यांची तपासणी करून निष्कर्ष मला कळवावा, आणि दोष सापडला तर खेप परत बोलवावी. तपासणीची वाट न पाहता, हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पट्टे लावण्याचा व काढण्याचा बरोबर क्रम आणि कडी तपासण्याची पेनाच्या रेघेची पद्धत कळवावी. त्याला एक ईमेल पुरतो. आणि घसरणाऱ्या मुलाबद्दल फोन आला तर काय सांगायचे आणि काय मुळीच सांगायचे नाही, हे तुमच्या ग्राहक सेवेतल्या प्रत्येकाला एखाद्या थेरपिस्टकडून शिकवून घ्यावे.

उत्तर लेखी हवे आहे आणि ते सुरक्षा विभागातील जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे हवे आहे. सात दिवसांत ते आले नाही, तर हेच पत्र व्हिडिओसह वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या नियामक यंत्रणेकडे आणि ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे पाठवीन. थेरपिस्टने आपले निरीक्षण वेगळ्या पत्रात लिहून दिले आहे, तेही सोबत आहे. तांत्रिक बाबींवर त्यांच्याशी बोलायचे असल्यास मला आधी कळवा, मी वेळ ठरवून देईन.

आपली,
बग्गी वापरणाऱ्या मुलीची आई