केनियातल्या राबाई गावच्या आईंना आभाराचं उघड पत्र

प्रिय आई,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

आमच्या नाशिकच्या मंडळीतले चार जण सेवेसाठी येऊन तुमच्या घरी राहिले, त्याबद्दलचं हे पत्र मराठीत आहे. याचा स्वाहिली तर्जुमा तुमच्या पाळकसाहेबांकडे वेगळा पाठवला आहे, तो ते तुम्हांला वाचून दाखवतील. मराठीत सगळ्यांसमोर ठेवायचं कारण असं, की आमच्या मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधून, कुणी परदेशी सेवेला निघालं की निरोपाची प्रार्थना होते, परतल्यावर साक्ष होते, आणि ज्या घरानं त्यांना गादी, पाणी नि जेवण दिलं त्या घराचा उल्लेख साक्षीच्या शेवटच्या वाक्यात उरकतो. सेवेचा खरा भार त्याच घरावर पडतो. तो किती असतो, हे पुढं येणाऱ्यांना कळावं आणि तुमचे आभार नुसते तोंडदेखले राहू नयेत, म्हणून नीट हिशेबानं लिहितो आहोत.

पहिले आभार पाण्याचे. शहरातला माणूस आंघोळीला एक बादली, म्हणजे पंधरा-सोळा लीटर पाणी सहज घेतो. त्यात पिण्याचं, हातपाय धुण्याचं, त्याच्या वाट्याची भांडी नि कपडे धरले तर माणशी पंचवीस लीटर होतात. चार पाहुणे म्हणजे रोजचे शंभर लीटर, म्हणजे वीस लीटरचे पाच पिवळे कॅन. भरलेला एक कॅन वीस किलोचा, आणि तो विहिरीवरून नाही तर नळकोंडाळ्यावरून कुणाच्या तरी डोक्यावर किंवा हातगाडीवर येतो. तुमच्या किलिफी जिल्ह्यात पाण्याची ओढ बाराही महिने आहे. तरीही तुमच्या घरी रोज सकाळी न्हाणीत भरलेली बादली असे, आणि घरातली मुलं मात्र तांब्याभर पाण्यात आटोपत. हे पाहुण्यांना कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: आंघोळीला आठ लीटर पुरतं. आधी दोन तांबे अंगावर घ्यायचे, साबण लावायचा, उरलेल्यात धुऊन काढायचं. गरम पाणी मागायचं नाही. समुद्रकाठच्या हवेत त्याची गरज नसते, आणि ते तापवायला जाणारा कोळसा विकत घ्यावा लागतो.

पिण्याचं पाणी तुम्ही आधी दुहेरी फडक्यातून गाळून, मग त्यात औषध घालून, अर्धा तास झाकून ठेवत होता. हा क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. क्लोरीनचा वास येतो म्हणून नाक मुरडून बाटलीबंद पाणी आणायला निघालेल्यांना आम्ही पुढच्या वेळी घरूनच समजावून पाठवू.

बाबांनी घराच्या पत्र्याला पन्हळ बसवून घेतली, त्याबद्दल त्यांचे आभार इथेच मानतो, कारण आमच्या गटाच्या हातून झालेल्या कामांपैकी खरंखुरं उपयोगाचं काम तेच, आणि ते त्यांच्या डोक्यातून निघालं होतं. झावळ्यांच्या माकुटी छपरावरून पाणी धरता येत नाही, पत्र्यावरून येतं. तीस चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर तीनशे लीटर पाणी होतं. उडून, सांडून गेलेलं सोडलं तरी अडीचशेच्या आसपास टाकीत येतं, म्हणजे बारा कॅनच्या खेपा वाचतात. पन्हळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार हवा. आधार लांब लांब ठोकले की मधेच ती झोळते, तिथे पाला साचतो आणि मोठ्या सरीत पाणी टाकीऐवजी भिंतीवर पडतं. बाबांनी दोरी ताणून उतार पाहिला आणि प्रत्येक आधार स्वतः तपासला. पहिल्या सरीचं पन्नासेक लीटर पाणी बाहेर सोडायचं, कारण त्यात पक्ष्यांची घाण नि धूळ असते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर आपण डासांची पैदास करून ठेवतो. एप्रिल ते जून हा तिकडचा मोठा पाऊस, ऑक्टोबरपासून लहान. पन्हळीचं काम मार्चच्या आत व्हावं असं बाबा म्हणत होते, ते बरोबरच होतं.

आता जेवणाबद्दल. कोकणातल्या माणसाला तुमचं स्वयंपाकघर अनोळखी वाटत नाही. घडीची लाकडी बैठक, तिला पुढे दातेरी लोखंडी जीभ, त्यावर बसून नारळ खवायचा. आमच्याकडच्या खवणीचीच ती बहीण. पण तुमच्याइतके नारळ आमच्याकडे रोजच्या भाताला खवले जात नाहीत. एक किलो तांदळाला दोन नारळ. खवलेला चव विणलेल्या पिशवीत भरून पिळायचा, पहिलं घट्ट दूध बाजूला काढायचं, मग त्याच चोथ्यावर कोमट पाणी घालून दुसरं आणि तिसरं पातळ दूध काढायचं. भात शिजतो पातळ दुधात, आणि पाणी आटत आलं की वरून घट्ट दूध आणि मीठ. घट्ट दूध आधी घालून जोरानं उकळलं तर फुटतं, तेल वेगळं होतं आणि तळ लागतो. शेवटी पातेल्यावर झाकण घालून त्यावर निखारे ठेवायचे, म्हणजे वरूनही धग लागून दाणा मोकळा होतो. सकाळी महाम्री नावाच्या तळलेल्या गोडसर पावाबरोबर नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे मिळत, तेव्हा आमच्यातल्या शाकाहारी बहिणीला वेगळं काही करायची गरजच पडली नाही. तिची अडचण तुम्ही न विचारता ओळखलीत, याचं तिला फार अप्रूप आहे.

हे सगळं मातीचं अस्तर असलेल्या एका जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर. तो साध्या पत्र्याच्या शेगडीपेक्षा कमी कोळसा खातो, पण एका वेळी एकच पातेलं चढतं. म्हणून चार माणसं वाढली की जेवण दीडपट वेळ मागतं, आणि चूल दिवेलागणीच्याही आधी पेटवावी लागते. पाहुणे सहा वाजता म्हणाले आणि आठला आले, तर तो कोळसाही जातो आणि भातही. यावरून एक आठवलं: तिकडे तास सकाळपासून मोजतात. ‘सा तातू’ म्हणजे तिसरा तास, आपले सकाळचे नऊ. घड्याळातला आकडा आणि बोललेला आकडा यांत सहा तासांचा फरक असतो. नव्या माणसानं ठरलेली वेळ दोन्ही पद्धतींनी विचारून घ्यावी, नाहीतर तुमच्यासारखी कुणी आई दारात वाट पाहत बसते.

रात्रीचे आभार वेगळे मानायला हवेत. मच्छरदाणी नुसती टांगून भागत नाही. ती चारी बाजूंनी गादीखाली खोचावी लागते, आणि अंग जाळीला टेकलं तर डास बाहेरूनच चावतो. तुम्ही रोज संध्याकाळ व्हायच्या आत खोल्यांत फिरून जाळ्या सोडत होता, कारण हिवतापाचा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. एका जाळीला भोक सापडलं तेव्हा तुम्ही दिव्याजवळ बसून ते टाके घालून शिवलंत, आणि मगच त्या मुलीला झोपू दिलंत. आमच्याकडून निघणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक गोळी घ्यायचीच आहे. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज घ्यायची आणि परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. घरी आल्या आल्या बंद करणारे बरेच असतात, आणि ताप मग नाशकात येतो. ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवं होऊ नये, आणि उन्हात अंग झाकावं, कारण तिच्यामुळे कातडी लवकर भाजते. परतल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर डॉक्टरांना केनियाला जाऊन आल्याचं पहिल्या वाक्यात सांगायचं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. तो पिवळा दाखला नसेल तर भारतात परत उतरताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आई, तुमच्या राबाईचं आमच्या नाशिकशी नातं आहे, आणि ते आमच्याच माणसांना फारसं ठाऊक नाही. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ साली राबाईत मिशन सुरू केलं. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली पुष्कळ मुलं नाशिकच्या शरणपुरात वाढली, तिथे अक्षरओळख आणि हातातलं काम शिकली. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८६४ मध्ये रेबमान यांच्या मदतीला राबाईला आले. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलं, त्याला नाव मिळालं ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. पुढं राबाईच्या मिशनचा कारभार जोन्स यांच्याकडे असताना पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळाला, आणि १८८९ च्या सुरुवातीला त्यांतल्या हजाराहून अधिक जणांना मुक्ततेचे कागद मिळाले.

म्हणून आमचा आग्रह आहे, की राबाईला जाणाऱ्यानं ‘सुवार्ता न पोचलेल्या गावी जातो’ असं मनातसुद्धा आणू नये. तुमची मंडळी आमच्याकडच्या कित्येक मंडळ्यांहून जुनी आहे आणि परक्याला घरात घेणं तिच्या पायाभरणीतच आहे. रविवारची उपासना तीन तास चालते, पाहुण्यांना उभं करून बोलायला सांगतात. ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे ‘प्रभूची स्तुती असो’, म्हणून सुरुवात करावी, वाक्यं लहान ठेवावीत आणि दुभाष्यासाठी निम्मा वेळ सोडावा. दहा मिनिटं मिळाली तर पाच मिनिटांचंच तयार करून जावं. अर्पणात कुणी मका आणतं, कुणी नारळ, कुणी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पाहुण्यानं तिथे मोठी बोली लावून मिरवू नये. खांदे झाकलेले असावेत, बहिणींनी कमरेला लेसो हे सुती कापड गुंडाळावं. थोरांना ‘शिकामू’ असा आदराचा नमस्कार केल्याशिवाय कामाचं बोलणं काढू नये. आणि ‘काया’ म्हणतात त्या पवित्र राखीव वनात वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, फोटोसाठी तर नाहीच.

पैशाचं मोकळेपणानं बोलतो, कारण संकोचामुळे तुमच्यासारख्या घरांचंच नुकसान होतं. यजमान कुटुंबाचा खर्च दर माणशी, दर रात्रीप्रमाणे आधी ठरायला हवा, आणि त्यातला निम्मा पाहुणे पोचायच्या आधी पोचायला हवा. कोळशाचं पोतं, तांदूळ, जादा गादी, सगळं आधीच घ्यावं लागतं. शेवटच्या दिवशी पाकिटात घालून दिलेली रक्कम कितीही मोठी असली तरी तोवर तुम्ही दुकानात उधारी केलेली असते. पुढच्या वेळी ही रक्कम मंडळीच्या खजिनदारांकडून एम-पेसानं, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीनं, थेट तुमच्या क्रमांकावर येईल आणि तिची नोंद दोन्हीकडे राहील. मुलांना वाटेत गोळ्या-चॉकलेटं वाटणं, एखाद्याच्या शाळेची फी भरायचा शब्द भावनेच्या भरात देणं, हे बंद करतो आहोत. पाहुणा निघून जातो आणि त्या शब्दाची विचारणा तुमच्या दारात होते. शाळेसाठी काही द्यायचं असेल ते मुख्याध्यापकांशी बोलून, महिला मंडळासाठी असेल ते मंडळाच्या बैठकीत.

सामानाबद्दल एकच. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि आपल्याकडे चिवड्यापासून चपलांपर्यंत सगळं पिशवीत बांधतात. कापडी पिशव्या आणि डबे वापरा. प्लग तीन चपट्या पिनांचा लागतो. जुने कपडे गोळा करून आणू नका, मोंबासाच्या बाजारात ते ढिगानं मिळतात. आणायचंच असेल तर सौर दिवा आणा, आणि चांगल्या सुती चादरी.

केनियात येण्यासाठी ई-टीए ही ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते, तिच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता लागतो. तुम्ही तो द्यायला एका शब्दानं होकार दिलात, पण तो कायम गृहीत धरणं योग्य नाही. यापुढं दर वेळी आधी तुम्हांला विचारू, आणि तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं घर शोधू. जास्त महिने राहून काम करायचं असेल तर त्या परवानगीवर येता येत नाही. त्यासाठी धार्मिक आणि सेवाभावी कामाचा वेगळा परवाना मंडळीमार्फत मागावा लागतो, तो आम्ही वेळेत मागू.

पुढचा गट ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत यावा असं पाळकसाहेबांचं म्हणणं आहे. तुमच्या घरी चारऐवजी दोघांनाच ठेवावं असं आम्हांला वाटतं, म्हणजे पाण्याचे दोन-तीन कॅन तरी रोज कमी लागतील. बाकीचे दोघे शेजारच्या घरी राहू शकतील का, हे तुम्ही आणि बाबांनी बोलून कळवावं. टाकीच्या जाळीचं माप आणि आणखी लागणारे पन्हळीचे आधार बाबांनी लिहून पाठवले, तर त्याचे पैसे निम्म्या रकमेबरोबरच पाठवतो. त्या मुलीची मच्छरदाणी अजून टिकली आहे का तेही कळवा, नाहीतर नवी आणतो.

तुमची, ख्रिस्तात लेकरं,
नाशिकच्या मंडळीतले सेवेकरी