सॉफ्टवेअर कोणत्या संगणकासाठी, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगाखेड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेचा संगणक कक्ष मी सांभाळतो. कक्षात सोळा संगणक आहेत, बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी वापरून झाल्यावर दिलेले, आणि परवान्यांचा खर्च झेपत नसल्याने सगळ्यांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. यंदा एका संस्थेने मराठी टंकलेखनाच्या सरावाचे तयार सॉफ्टवेअर शाळांना मोफत दिले. त्याबद्दल आभारच आहेत. परंतु आमच्याकडे ते एकाही संगणकावर चालले नाही, आणि का चालले नाही हे शोधण्यात माझे तीन शनिवार गेले.

चार संगणकांचे प्रोसेसर ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धर्तीचे असून त्यांवर डेबियन १२ हा लिनक्सचा प्रकार आहे. सॉफ्टवेअरचे पॅकेज, म्हणजे बसवायची तयार फाइल, केवळ नव्या ६४ बिट प्रोसेसरांसाठी बांधलेली (मूळ कोडपासून तयार केलेली) असल्याने तिथे ते दारातच अडले. (पॅकेजच्या नावातील ‘एएमडी६४’ पाहून आमच्या एका सहकाऱ्यांनी ते इंटेलच्या संगणकांसाठी नसावे असे ठरवून टाकले होते, प्रत्यक्षात ते नाव एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांच्या ६४ बिट प्रोसेसरांना लागू आहे.) उरलेले बारा ६४ बिटचे, उबुंटू २०.०४ हा लिनक्सचाच दुसरा प्रकार असलेले. त्यांवर पॅकेज बसले, पण उघडताच ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ असा संदेश देऊन बंद पडले. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरील जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ज्यावर उभा असतो ती मूळ लायब्ररी, म्हणजे सामाईक तयार कोडचा संच. आमच्याकडे ती २.३१ आहे. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करण्याच्या मुळाशीच बदल झाला, त्यामुळे नव्या सिस्टिमवर नेहमीच्या पद्धतीने बांधलेला दोन ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा किमान २.३४ मागतो. म्हणजे टंकलेखनाला नवे काही लागत होते असे नाही. बांधणाऱ्याचा संगणक नवा होता, एवढेच.

या खटाटोपात दहावीच्या एका हुशार मुलाने दुसरीकडून नवी लायब्ररी आणून जुनीच्या जागी ठेवली. त्यानंतर त्या संगणकावर फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही साधी आज्ञाही चालेना, आणि सगळी सिस्टिम पुन्हा टाकावी लागली. मी त्याला रागावलो नाही. मोह मलाही झाला होता. परभणीच्या दुकानदाराने मात्र सोळाही संगणक भंगारात काढण्याचा सल्ला दिला.

उबुंटू २०.०४ चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, २०२५ मध्ये संपला, त्यामुळे सिस्टिम बदलायलाच हवी, हा आक्षेप मला मान्य आहे. पण दोन जीबी रॅमच्या संगणकावर उबुंटूच्या नव्या आवृत्त्या रडतखडत चालतात, आणि हलक्या सिस्टिमवर सगळे हलवायला आम्हाला दिवाळीची सुट्टी लागेल. तोवर मुलांनी सराव कशावर करायचा?

जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर सहसा चालतो, उलटे होत नाही. म्हणून शाळांत जी सर्वात जुनी सिस्टिम वापरात आहे तिच्यावरच पॅकेज बांधले, तर हा अडथळा बहुतांशी टळतो. ते शक्य नसेल तर मूळ कोड द्यावा, आमच्याच संगणकावर बांधून घेण्याचा प्रयत्न आम्ही करू. निदान फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीने लागणाऱ्या लायब्ररी वेगळ्या पुरवाव्यात. त्याला डिस्कवर जागा जास्त लागते, पण सिस्टिमला हात लावावा लागत नाही.

आमच्याकडे शेतकरी विहिरीवर मोटार घ्यायला गेला की दुकानदार आधी विचारतो, सिंगल फेज की थ्री फेज आणि पाणी किती फुटांवर. मोटारीच्या पाटीवरही हे लिहिलेले असते. शाळांना सॉफ्टवेअर देणाऱ्या प्रत्येक संस्थेने डाउनलोडच्या पानावर ३२ की ६४ बिट, कोणती सिस्टिम, जीलिबसीची किमान आवृत्ती आणि रॅम किती, एवढे मराठीत लिहावे आणि मागील आवृत्तीही तिथेच ठेवावी, ही विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक
गंगाखेड, जि. परभणी