घडीची घोडी उघडताना

महोदय,

आमच्या दारव्हा तालुक्यात हल्ली सुतारांच्या दुचाकीमागे लोखंडी घडीच्या घोड्यांची, म्हणजे फळी टेकवून कापण्या-रंधण्याच्या चौपायी आधारांची, जोडी बांधलेली सर्रास दिसते. लाकडी घोडी गावोगाव नेणे जिकिरीचे, ही मात्र मिटून दोरीने बांधली की झाले. त्यामुळे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही आणि मी स्वतःही तीच वापरतो. माझे म्हणणे आहे ते ती अर्धवट उघडून कामाला लावण्याच्या सवयीबद्दल.

घोडीचे पाय जोडणारी पट्टी मधल्या बिजागरीवर दुमडते. ती पुरती दाबून सरळ केली की पाय जागचे हलत नाहीत. पण बोटभर वर राहिली तरी घोडी उभी राहते, वजनही पेलते आणि कोणाला शंका येत नाही. फसगत होते ती रंधा मारताना, कारण रंध्याचा रेटा ज्या दिशेने जातो, नेमके त्याच दिशेने तिचे पाय मिटतात. मागच्या उन्हाळ्यात माझ्याच अंगणात, जुन्या घरातून निघालेली सागवानी फळी रंधताना पट्टी टचकन वर उचलली गेली आणि फळी माझ्या पायावर आली. आठ फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन इंच जाड, म्हणजे दोन घनफूट. वाळलेले सागवान घनफुटाला साधारण 18 किलो धरले तरी 36 किलो झाले. अंगठ्याचे नख गेले. आयुष्यभर पोरांना सुतारकाम शिकवणाऱ्या निदेशकाची ही गत!

आपल्याकडची काळी माती हा आणखी एक घोर. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात घोडीचा एखादा पाय हळूहळू आत जातो आणि फळी कलते, म्हणून प्रत्येक पायाखाली लाकडाचा रुंद तुकडा ठेवावा. सारवलेल्या किंवा फरशीच्या जागी पायांच्या रबरी टोप्या झिजलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

विजेच्या गोल करवतीने कापताना तर दोन घोड्यांच्या मधोमध काप घेऊच नये. कापत आल्यावर दोन्ही तुकडे आत झुकतात, काप वरून मिटतो, पाते आवळले जाते आणि यंत्र कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. काप घोडीच्या बाहेर, लोंबत्या टोकाकडे घ्यावा. तुकडा लांब असेल तर सोबत्याने तो खालून नुसता तोलून धरावा, वर उचलू नये. घोड्यांवर फळी टाकून रंगकामासाठी उभे राहणारेही मी पाहिले आहेत. घोडी म्हणजे उभे राहून काम करायची पहाड (परांची) नव्हे.

विक्रेत्यांनाही एक विनंती आहे. मी घेतलेल्या जोडीवर वजनाचा आकडा इंग्रजीत होता. तो एका घोडीचा की जोडीचा, हे दुकानदारालाही सांगता आले नाही आणि या दोहोंत दुपटीचा फरक पडतो. उत्पादकांनी एवढे तरी मराठीत छापावे आणि दुकानदाराने घोडी देण्यापूर्वी ती एकदा उघडून, पट्टी दाबून गिऱ्हाइकाला दाखवावी.

आपला,
एक निवृत्त निदेशक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ