परदेशी ‘अनलॉक्ड’ फोन घेताना बँड आणि व्होल्टीही तपासा

महोदय,

स. न. वि. वि.

गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत कुवेत, मस्कत, दुबई, अमेरिका इथून गावी येणारी मंडळी घरच्यांसाठी फोन घेऊन येतात. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या बाजारातही परदेशातले सेकंडहँड फोन मिळतात. ‘अनलॉक्ड आहे, कुठलंही सिम चालेल’ असं सांगितलं जातं आणि ते बहुतेक वेळा खोटंही नसतं. तरीही तालुक्याच्या बाजारात छान चालणारा हा फोन वाडीवर नेला की रेंज जाते, नाहीतर इंटरनेट चालतं पण फोन लागत नाही. मग सिम बदललं जातं, टॉवरला बोल लावला जातो. पुष्कळदा दोष दोघांचाही नसतो. त्या फोनला आपल्याकडचे बँड, म्हणजे टॉवर ज्या ठरावीक लहरींवर चालतो ते पट्टे, ऐकूच येत नसतात. पैसे देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काढली तर हे कळतं, म्हणून हे थोडं लांब पत्र.

अनलॉक्ड म्हणजे इतकंच, की ज्या कंपनीने फोन विकला तिचं कुलूप त्यावर नाही. फोनचा रेडिओ इथल्या लहरी पकडतो का आणि ४जीवरून बोलणं होतं का, हे दोन प्रश्न त्यापासून पूर्णपणे वेगळे आहेत. तिन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

आधी कुलूप. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत. तिथून आलेल्या त्यानंतरच्या फोनची काळजी नको. अमेरिकेत मात्र हप्त्यावर घेतलेला फोन बहुतेक वेळा हप्ते फिटेपर्यंत लॉक असतो. हप्ते फिटल्यावर अनलॉकची मागणी सहसा ज्याच्या नावावर खातं आहे त्याने करायची असते, म्हणून भाचा किंवा जावई तिथून निघण्याआधी त्याच्याकडून हे काम करून घ्यावं. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली ‘कॅरियर लॉक’ पाहा. समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर कुलूप नाही. अँड्रॉइडमध्ये सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालून बघणं.

बाजारात चिपवाले आयफोनही फिरतात. नॅनो सिमच्या खाली कागदासारखी पातळ पट्टी ठेवलेली असते. ती लॉक असलेल्या फोनला फसवून इथलं सिम चालवते. एखादं अपडेट आलं किंवा फोन रीसेट केला की ती निकामी होऊ शकते. म्हणून सिमचा ट्रे बाहेर काढून, सिम उचलून खाली बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्वस्त मिळाला म्हणून असा फोन कुणीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बँड. कोकणात खरी मेख इथेच आहे. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. एअरटेल १, ३, ८, ४० आणि व्हीआय १, ३, ८, ४१ हे बँड वापरते. सर्कलप्रमाणे, म्हणजे दूरसंचार परवान्याच्या विभागाप्रमाणे, यात कमी-जास्त असतं. बीएसएनएलच्या नव्या ४जी टॉवरवर ७०० म्हणजे बँड २८ आणि २१०० म्हणजे बँड १ आहेत. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे १८०० आणि २३०० वर काम भागतं. आपल्याकडे टॉवर सड्यावर आणि घरं खाली खाडीच्या काठाला किंवा डोंगराच्या कुशीत. उंच फ्रिक्वेन्सीची लहर टेकडीआड वळत नाही, चिऱ्याच्या जाड भिंतीत अडते आणि पावसाळ्यात ओल्या झाडीत आणखी शोषली जाते. वाडीपर्यंत पोचतात त्या ७००, ८५० आणि ९०० च्या लहरी. म्हणजे २८, ५ आणि ८ यांतला आपल्या सिमचा जो बँड आहे तो फोनमध्ये नसेल, तर फोन कितीही महाग असो, घरात तो बंद पडल्यासारखाच.

अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी बनलेल्या स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा २, ४, ५, १२, १३, ६६, ७१ असे बँड असतात. त्यातला आपल्या उपयोगाचा फक्त ५. जिओचं सिम घातलं तर रेंज दिसते, पण ३ आणि ४० नसल्यामुळे गर्दीत इंटरनेट रखडतं. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घातलं तर तेवढंही हाती लागत नाही. इथे एक गैरसमज नेहमी होतो. ‘यात ७०० आहे, बीएसएनएल चालेल’ असं सांगितलं जातं. अमेरिकेचे बँड १२ आणि १३ हेही ७०० च्या आसपासचेच, पण त्यांची मांडणी निराळी. बँड १२ मध्ये टॉवरकडून फोनकडे येणारी लहर ७२९ ते ७४६ मेगाहर्ट्झची, तर बँड २८ मध्ये ७५८ ते ८०३ ची. बँड १२ साठी बनलेला फोन बीएसएनएलचा ७०० पकडणार नाही. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये १, ३, ५, ८, ४०, ४१ सहसा असतात, २८ मात्र अनेकदा नसतो. आखातातून आलेले चांगल्या कंपन्यांचे फोन बँडच्या बाबतीत बहुतेक ठीक असतात, तरी स्वस्त मॉडेलमध्ये ५ आणि ४० आहेत का ते पाहावं.

हे शोधायचं ते मॉडेल क्रमांकावरून, नावावरून नाही. गॅलेक्सी एस२४ या एकाच नावाखाली मागे ‘बी’ लागलेलं एसएम-एस९२१बी हे भारतासह अनेक देशांतलं मॉडेल आहे, ‘यू’ अमेरिकी कंपन्यांचं, ‘यू१’ अमेरिकेतलं अनलॉक्ड आणि ‘एन’ कोरियातलं. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन उघडा, तिथला पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरासकट उतरवून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच क्रमांकाची बँडची यादी काढा. खोक्यावरचा आणि फोनमधला क्रमांक जुळतो का तेही बघा. सोबत *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्या आणि ‘केवायएम’ (KYM), एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं तर तो फोन घेऊ नका.

फोन हातात असेल तर प्रत्यक्षच बघता येतं. सॅमसंगमध्ये *#००११# आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* दाबून कॉल केलात की पडद्यावर चालू बँड आणि आरएसआरपी हा रेंजचा जोर सांगणारा आकडा दिसतो. काही अमेरिकी मॉडेलांत सॅमसंगचा कोड बंद असतो. आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला की बोलणं तुटायला लागतं, उणे १२० ला फोन लागण्याची आशा नको. ही चाचणी दुकानात करून फारसा उपयोग नाही. ती घरी, माजघरात उभं राहून करायची. म्हणून दुकानदाराशी दोन दिवसांत परत करण्याची बोली करूनच फोन घ्यावा.

तिसरी गोष्ट व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलणं. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नसेल तर इंटरनेट चालेल आणि साधा कॉल लागणार नाही. एअरटेलवर तोच फोन कॉल लावताना २जीवर उतरतो. वरची ४जीची खूण जाऊन ‘ई’ दिसायला लागली की समजावं, व्होल्टी चालू नाही. बँड सगळे असूनही असं होतं, कारण प्रत्येक कंपनीची जोडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी घालावी लागते आणि परदेशी मॉडेलमध्ये भारतीय कंपन्या नसू शकतात. घरी ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालतं का तेही याच वेळी बघा. ज्या घरात रेंज पोचत नाही तिथे रात्री-अपरात्री डॉक्टरला लावायचा फोन त्यावरूनच जातो.

५जीचं थोडक्यात. त्याच्या बँडच्या क्रमांकाआधी ‘एन’ लागतो. एन७८ हवाच, जिओसाठी एन२८ असेल तर अधिक चांगलं, आणि जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, असल्याने फोनला ‘एसए’ चालणं गरजेचं. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. आयफोन १२ मध्ये बँड आधीपासून होते, तरी डिसेंबरमधलं आयओएस १६.२ येईपर्यंत त्यावर ५जी लागलं नाही. सॉफ्टवेअरचा वाटा किती मोठा असतो ते यावरून कळेल.

आखातातल्या मंडळींनी एका नव्या गोष्टीकडे लक्ष द्यावं. अमेरिकेतल्या आयफोनना १४ पासून सिमचा ट्रेच नाही. आयफोन १७ पासून अमिराती, सौदी, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमानमधल्या फोननाही तो नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच बसवलेलं सिम. आई-वडिलांसाठी असा फोन आणताना विचार करा. तो बिघडला तर सिम काढून जुन्या बटणवाल्या फोनमध्ये घालता येत नाही, नवं कार्ड घ्यायला तालुक्याला जावं लागतं. शिवाय सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. परत जायच्या आदल्या रात्री ई-सिम करून घेणारे तिकीट आणि बँकेच्या कामात अडकतात. हे काम विमानाच्या किमान तीन-चार दिवस आधी, चांगलं वाय-फाय असलेल्या ठिकाणी करावं.

इथून फोन घेऊन बाहेर जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ते बंद झालं आणि ज्या फोनवरून आणीबाणीचा कॉल ४जीवर जात नाही ते फोन तिथे नेटवर्कवरून काढले जातात, मग बाकी सगळं चालत असलं तरी. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन नोंदणीशिवाय तिथल्या सिमवर १२० दिवसच चालतो. बोटीवर जाणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

वादळात तर बँडचा प्रश्न थेट जिवाशी येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे संपर्क कसा तुटला ते आपण पाहिलं आहे. अशा वेळी दूरसंचार विभाग सर्कलअंतर्गत रोमिंग सुरू करतो, म्हणजे आपल्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून फोन लावता येतो. आपोआप नाही लागला तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वरून काढून हाताने निवडावं. पण गावात उभा राहिलेला एकमेव टॉवर बीएसएनएलचा असेल आणि फोनमध्ये बँड २८ नसेल, तर ही सोय असून नसल्यासारखी. म्हणून आज बीएसएनएलचं सिम नसलं तरी किनाऱ्यावरच्या माणसाने २८ असलेलाच फोन घ्यावा.

माझ्या दोन मागण्या आहेत. परदेशी फोन विकणाऱ्या दुकानदारांनी बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि आयएमईआय लिहून द्यावा, व्यापारी संघटनांनी तसा आग्रह धरावा. आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आदेशामुळे कंपन्यांनी आपापल्या साइटवर रेंजचे नकाशे दिले आहेत, त्यात २जी, ४जी, ५जी एवढंच कळतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या नकाशांत प्रत्येक टॉवरवर कोणते बँड चालू आहेत तेही दाखवावं, आणि जिथे फक्त एकच बँड आहे ती गावं वेगळ्या रंगात द्यावीत. आपल्या जिल्हा आवृत्तीने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
मोबाइल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
जि. रत्नागिरी