चाचा, चाकाच्या हबला हात लावायला सांगितलंत त्याबद्दल

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या मेकॅनिक चाचांना,
नमस्कार.

नाव कुठं लिहू नकोस, असं तुम्हीच बजावलंय. “गिऱ्हाईक वाढलं की काम बिघडतं,” म्हणालात. म्हणून नाव लिहीत नाही. पण समोर उभं राहून आभार मानायला गेलो की तुम्ही “चहा सांग रे” म्हणून विषय उडवता, मग लिहिण्यावाचून काय राहिलं?

एमआयडीसीतले टॉवेल-चादरींचे गठ्ठे पुण्याला पोचवणं, हे आमचं पोट. पिकअप धाकटा भाऊ चालवतो. मागचा एक्सल तुटून चाक बाहेर आलं तेव्हा तो मोहोळच्या अलीकडं होता आणि गाडी हळू होती. त्यानंतर ज्यांच्या दारात गेलो त्यांच्याबद्दल थोडं बोलू द्या, मनात साचलंय. एकानं नवा शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या आतला चाक फिरवणारा दांडा, टाकला, “आता बिनघोर पळवा” म्हणाला. तोही तुटला. दुसऱ्यानं भंगारातून मोठ्या एक्सलचं दणकट हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आतल्या दातेरी चाकांसकट आणून बसवलं. बघणाऱ्यानं वा म्हणावं असं! पण दात मोजायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते. आमच्या क्राउनला, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, 41 दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 10. त्यानं घातलेल्यात 41 ला 8. मीटर चालतो गिअरबॉक्सवर, त्यामुळं काटा 50 वर आणि गाडी 40 नं, इंजिन नुसतं बोंबलतंय. जॉइंट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) थरथरतोय. हॅन्डब्रेकची केबल चक्क तारेनं बांधलेली. विचारायला गेलो तर उत्तर काय, “मोठा पाहिजे होता ना? मोठाच घातलाय की!” ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत गाडी दारात उभी राहिली.

तुम्ही गाडीखाली गेलात, बाहेर आलात, हात पुसलेत. त्या दोघांबद्दल वाकडा शब्द नाही. (आम्ही बोललो ते पुरेसं होतं म्हणा.) मग भावाला खाली बसवून फरशीवर खडूनं काढून दाखवलंत. आमच्या जुन्या एक्सलमध्ये शाफ्टच वजन पेलणार आणि शाफ्टच चाक फिरवणार. मोठ्या एक्सलमध्ये वजन हाउसिंगवरच्या दोन बेअरिंगांवर, शाफ्टला फक्त फिरवायचं काम. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. पैसे मी देणार होतो, पण समजावलंत त्याला. स्टिअरिंगवर कोण बसतो ते तुम्ही आधी पाहिलंत.

मोठा एक्सल तुम्ही नीट कसा बसवलात ते सगळं लिहीत बसत नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आरटीओत विचारून ये म्हणालात, तोवर पान्याला हात लावला नाही. आणि एक्सल भारी झाला म्हणून पासिंग वाढत नाही, आरसीवर जेवढं वजन तेवढाच माल भरायचा, हे इतक्यांदा ऐकवलंत की आता भाऊ हमालांना तुमच्याच आवाजात दम देतो.

पण हे पत्र त्या फोनसाठी आहे. माल भरून गाडी पहिल्यांदा निघाली त्या रात्री. तुमचं शटर कधीच खाली गेलेलं. सावळेश्वरचा टोल ओलांडल्यावर भावाला तुमचा फोन. “गाडी बाजूला घे. खाली उतर. मागच्या दोन्ही हबला पालथा हात लाव. हात ठेववतोय का?” बेअरिंग जास्त आवळलं गेलं असेल तर हब तापतो, हे त्याला तेव्हा कळलं. कोमटच आहेत म्हणाला. “बरं. टेंभुर्णीत परत लाव, मी जागा आहे.” आणि टेंभुर्णीत खरोखर परत फोन आला. मी घरात कूस बदलत पडलो होतो. भावानं हे सांगितलं आणि मला झोप लागली, चाचा.

पहिला एक्सल तुटला त्या रात्री एक कर्नाटकचा ट्रक थांबला होता. ड्रायव्हरनं उतरून चाकांना दगड लावले, गठ्ठे उतरवायला हात दिला, कन्नडमधून काहीतरी बोलला आणि निघून गेला. पाणीसुद्धा विचारायचं राहिलं. अशी माणसं भेटतात, आणि त्यांचं बिल कुठंच नसतं. ज्यांनी बिल छापून दिलं, शिक्का मारून दिलं, त्यांचे फोन मात्र आजही लागत नाहीत.

आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय. तुम्ही सांगितलेले हजार किलोमीटर भरत आलेत, गोळ्याचं (क्राउन-पिनियन असतात त्या भागाचं) ऑइल बदलायला पुढच्या आठवड्यात भाऊ येईल. वाकडा जॉइंट सरळ केल्याची मजुरी तुम्ही बिलात लावलीच नव्हती, ती या वेळी लावा. नाही लावली तर गाडी तुमच्या दारातच सोडून येईन.

तुमचा,
पिकअपवाल्याचा थोरला भाऊ